न पाहिलेल्या सिनेमावरचं माझं मत

पोस्ट लांबलीय, आधीच सांगून टाकतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढे सरका, मी रागावणार नाही.

मध्यंतरी 'दशावतार'वरून आपल्या इथे जी जुंपली होती ती सगळ्यांनी वाचली असेल. बडोद्याच्या एका सद्‌गृहस्थांना मालवणी कळली नाही म्हणून सिनेमा आवडला नाही. बेळगावच्या एका ताईंना तीच मालवणी ऐकून माहेरी गेल्यासारखं झालं. हैदराबादच्या एका तरुण मित्राने कोटींचे आकडेच मांडले आणि म्हणाला, आता वाद कशाला? रात्री साडेअकरापर्यंत चाललं होतं. मीही जागा होतो, या वयात झोप तशीही वेळेवर येत नाही. सगळं वाचून झाल्यावर लक्षात आलं की सगळ्यात जोरात भांडणाऱ्यांपैकी दोघांनी अगदी शेवटी लिहिलं होतं, "मी अजून पाहिलेला नाही, पण..."

या 'पण'शी माझी जुनी ओळख आहे. त्याबद्दलच लिहायला बसलोय.

आधी 'दशावतार'चं माझं मत देऊन टाकतो, नाहीतर कोणीतरी विचारेलच. पाहिला. इंदूरला, तिकीट काढून, सौ.ला घेऊन. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडली आहे, म्हणजे माझ्याहून मोठा माणूस. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत त्यांनी असा काही उभा केलाय की रंग लावलेला बाबुली आणि रंग पुसलेला बाबुली ही दोन वेगळी माणसं वाटतात. चालणं बदलतं, मान बदलते. बाप-लेकाचं सगळं छान जमलंय. उत्तरार्ध मला ताणल्यासारखा वाटला, तिथे गोष्ट जरा जास्तच जोरात बोलायला लागते. मालवणीला मी पहिली दहा मिनिटं अडलो, मग कान बसला. आमच्या शेजारचे वर्माजी सौ.च्या मोबाइलवर पोस्टर बघून म्हणाले, "अरे, ये तो गांधीजी वाले हैं ना?" 'लगे रहो मुन्नाभाई'मुळे. मुंबई-पुण्याच्या माझ्या वयाच्या लोकांना प्रभावळकर म्हटलं की चिमणराव आठवतो. आमच्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शन दिसत नव्हतं, त्यामुळे आमच्याही डोक्यात आधी गांधीजीच येतात. एकाच नटाची ओळख गावागणिक वेगळी असते, ही गंमत आहे.

कोटींवाल्या मित्राला दोन ओळी. बाबा रे, मी कॉमर्सचा माणूस, बँकेत छत्तीस वर्षं काढली. सिनेमाच्या जाहिरातीत जो आकडा येतो तो बहुतेक वेळा गल्ल्याचा असतो. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, मग थिएटरवाल्याचा वाटा, मग वितरकाचा, जाहिरातीचा खर्च, आणि उरलं तर निर्मात्याचं. उलाढाल म्हणजे नफा नव्हे हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो. आणि नफा झाला तरी तो त्यांच्या खात्यात जातो. मला काय आवडलं हे त्यावरून कसं कळणार?

असो. मूळ मुद्दा.

आमच्या तरुणपणी सिनेमाचं मत द्यायला आधी तिकीट लागायचं. इंदूरला अजून बघा, रीगल चौराहा, मधुमिलन चौराहा, सपना-संगीता रोड. टॉकीजांचे दिवस सरले तरी पत्ते त्यांच्याच नावाने सांगतात, रिक्षावाल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. ज्याने पहिल्या दिवशी पाहिला तो राजवाड्यासमोर किंवा छप्पन दुकानला पोहे खाताना गोष्ट सांगायचा, आणि बाकीचे पाच जण ऐकायचे. ज्याने पाहिला नाही त्याला मध्ये बोलायची सोय नव्हती. "तू देखा क्या? नहीं ना? तो चुप बैठ." एवढा साधा कायदा होता.

'शोले' १९७५ साली आला तेव्हा मी बँकेत नवा कारकून. मुंबईत पहिल्या आठवड्यात धंद्यातल्या जाणकारांनी तो पडला म्हणून सांगितलं होतं. लांबलाय, खर्च फार झालाय, वगैरे. मग काय झालं ते तुम्हाला सांगायला नको, मिनर्व्हात पाच वर्षं चालला. लिहिणाऱ्या जोडीतल्या सलीम खान यांचा जन्म आमच्या इंदूरचा, जावेद अख्तर यांचा ग्वाल्हेरचा, त्यामुळे आम्ही उगाच कॉलर ताठ करून फिरायचो. पण खरी गोष्ट ही की त्या पहिल्या आठवड्यातल्या मतामुळे 'शोले'चं काही बिघडलं नाही. तो मोठा होता, त्याला थांबायला जागा होती, पैसा होता. पाहिलेल्या माणसांची तोंडातोंडी बातमी पसरायला वेळ मिळाला.

मराठी सिनेमाला इंदूरमध्ये तो वेळ मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो. लागला तर एखादा खेळ, तोही सकाळी दहाला नाहीतर दुपारी सव्वातीनला, म्हणजे नोकरी करणारा येऊच शकत नाही. शुक्रवारी लागला, रविवारी कळलं, सोमवारी गेला. पुण्यात एका माणसाने वाईट लिहिलं तर काय फरक पडतो, तिथे दहा थिएटरं आहेत. आमच्याकडे एका खेळाची शंभर-सव्वाशे माणसं, आणि ती सगळी एकमेकांना ओळखतात. इथे एका माणसाचं मत फार जड असतं. माझं तर जरा जास्तच जड, कारण चाळीस वर्षं लोकांनी "साहेब, ही एफडी करू का?" असं मला विचारलंय. साहेब म्हणाले म्हणजे बरोबरच असणार, ही सवय लागून गेली आहे.

आता ऐका.

२०२३ साल. जूनअखेरीस 'बाईपण भारी देवा' आला. आमच्या बायका नऊवारी, नथ, गॉगल घालून गेल्या, दोनदा-दोनदा गेल्या. मी घरी बसून नाक मुरडलं, "मंगळागौर बघायला थिएटरात कशाला जायचं?" सौ. म्हणाली, "अहो, बघून तरी बोला." मी ऐकलं नाही. तेव्हा ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

त्याच उत्साहात आमच्याकडच्या एका ताईंनी (नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही, निवृत्त शिक्षिका आहेत) ठरवलं की नवीन 'श्यामची आई' येतोय तो सगळ्यांनी मिळून बघायचा. सुजय डहाकेंचा, ज्यांनी 'शाळा' केला होता. सिनेमा १० नोव्हेंबरला येणार होता. १२ला रविवार, पण लक्ष्मीपूजन. १९ला रविवार, पण विश्वचषकाची फायनल. म्हणून शनिवार १८, सकाळचा खेळ. थिएटरवाल्यांनी १०० तिकिटांची हमी मागितली, त्यात गैर काही नाही, त्यांनाही वीज-एसीचा खर्च आहे. ताईंनी घरोघर फोन केले, वहीत नावं लिहिली, पैसे गोळा केले. १०७ नावं झाली. त्यात आमची दोन.

बुधवारी माझ्या पुण्याच्या मावसभावाचा मेसेज आला. लांबलचक होता. सारांश असा, की सिनेमा कृष्णधवल काढलाय, उगाच कलात्मक, रटाळ, मुलं कंटाळतील, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'पुढे काहीच नाही. मला तो पटला. का पटला? कारण मला तो पटवून घ्यायचा होता. अत्र्यांचा १९५३चा सिनेमा मी लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलेला, पुढे दूरदर्शनवर दोनदा पाहिलेला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालेलं. आणि वनमालाबाई तर आपल्याच! जन्म उज्जैनचा, वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर, आणि शेवटी त्या ग्वाल्हेरलाच राहिल्या. महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेली श्यामची आई आमच्या माळव्यात जन्मलेली, या गोष्टीचा आम्हाला केवढा अभिमान! तिच्या जागी दुसरी बाई बघायची माझी तयारीच नव्हती.

मी तो मेसेज पुढे पाठवला आणि वर चार ओळी माझ्या लिहिल्या. ज्यांनी वनमालाबाईंना पाहिलंय त्यांनी हा न पाहिलेला बरा. जुन्या सोन्याला हात लावू नये. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं, माझा आग्रह नाही. अशा थाटाचं. भाषा चांगली जमली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. खाली पंधरा-वीस अंगठे आले. एकाने लिहिलं, "साहेब, अगदी मनातलं बोललात." मी पाहिलेला नाही, हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. आमच्या बँकेत याला वेगळं नाव आहे.

गुरुवार-शुक्रवार दोन दिवसांत नावं गळायला लागली. कोणाला पाहुणे आले, कोणाचे गुडघे दुखायला लागले. शुक्रवारी दुपारी ५८ उरली. खेळ रद्द झाला. ताईंनी एकच ओळ टाकली, "शनिवारचा खेळ रद्द, पैसे परत मिळतील," आणि खरोखर एकेकाला मोजून परत केले. आमचेही दोघांचे आणून दिले. दारात उभ्या राहूनच दिले, चहाला थांबल्या नाहीत. मला तेव्हाही काही वाटलं नाही. रविवारी मॅच बघितली, तीही आपण हरलो.

यावर दीड-पावणेदोन वर्षं गेली. १ ऑगस्ट २०२५ला २०२३ सालच्या सिनेमांचे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. मराठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट, 'श्यामची आई', सुजय डहाके. (त्याच वेळी 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. तो तर आमच्याकडे कधी आला, कधी गेला, कळलंच नाही.) आमच्या ग्रुपवर हारतुऱ्यांचा पाऊस. ज्यांचे गुडघे दुखत होते ते सगळ्यात पुढे. मीही "मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी बातमी" इथपर्यंत टाइप केलं, आणि बोट थांबलं. सौ. शेजारी बसून भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही, नुसतं वर बघितलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तेवढं पुरतं.

पुरस्कार मिळाला म्हणून सिनेमा चांगला, असं मी म्हणत नाही. पुरस्कारही कोणाचं तरी मतच असतं, फक्त त्या लोकांनी बघून दिलेलं. माझी अडचण वेगळी होती. माझं मत चूक होतं की बरोबर, हे मला सांगताच येत नव्हतं, कारण ते माझं नव्हतंच.

रात्री मुलाने टीव्हीवर लावून दिला. पहिला अर्धा तास मी गौरी देशपांडे यांच्या चेहऱ्यात वनमालाबाईंना शोधत बसलो होतो. त्या सापडल्या नाहीत, मग शोधणं सुटलं आणि सिनेमा दिसायला लागला. ही आई थकलेली आहे. देवघरातल्या तसबिरीतली नाही, उसनवारीने आणि आजाराने थकलेली, आपल्या आजीसारखी. वडिलांच्या भूमिकेत संदीप पाठक. या माणसाला बघून हसायची आपल्याला सवय, 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मुळे. इथे हसू येत नाही, आणि न हसवता तो माणूस किती करतो ते कळतं. आणि ओम भूतकर! मी त्याला 'मुळशी पॅटर्न'मध्ये पाहिलेलं, तो राग, ते डोळे. तोच इथे साने गुरुजी. मला वाटलं होतं की कपडे बदलून आला असेल. नाही. आवाजच दुसरा आणलाय त्याने. अत्र्यांच्या सिनेमात आपण माधव वझ्यांच्या छोट्या श्यामचं बोट धरून चालतो. इथे मोठेपणीचे गुरुजी बरेच आहेत, आईचं बोलणं त्या माणसात पुढे कुठे कुठे गेलं ते दिसतं. म्हणजे हा जुन्याशी स्पर्धा करतच नव्हता, वेगळंच काही सांगत होता. कृष्णधवलची तर दहा मिनिटांत आठवणही राहिली नाही. उणं काढायचं तर मध्ये रेंगाळतो, दोन-तीन ठिकाणी सांगितलेलं पुन्हा सांगतो. पण रटाळ? नाही हो. रटाळ नाही.

मजा बघा. ज्या वनमालाबाईंच्या नावाने मी हा सिनेमा नाकारला, त्या स्वतः १९४१च्या 'सिकंदर'मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर नायिका होत्या, सोहराब मोदींच्या भव्य सिनेमात. १९५३ साली कोणीतरी माझ्यासारखा नक्कीच म्हणाला असेल, "ही? श्यामची आई?" त्याचं ऐकून लोक थिएटरात गेलेच नसते तर मला वडिलांच्या मांडीवरची ती आठवण मिळालीच नसती.

दुसऱ्या दिवशी पुण्याला फोन लावला. बँकेत संशयास्पद एन्ट्री दिसली की मागे-मागे जायचं असतं, पैसा आला कुठून. म्हटलं, "अरे, तो मेसेज तू लिहिला होतास?" म्हणाला, "छे, मला आमच्या व्याह्यांनी पाठवला होता." तू सिनेमा पाहिलास? "नाही रे, राहूनच गेला." मग व्याह्यांकडे चौकशी. त्यांना त्यांच्या मॉर्निंग वॉकच्या मित्राने सांगितलं होतं. आणि त्या मित्राने? ट्रेलर बघून! म्हणजे चार माणसांची साखळी, चौघेही शिकलेले, चौघांनाही मराठीचा अभिमान, आणि एकानेही सिनेमा पाहिलेला नाही. त्याच्या जोरावर इंदूरचा खेळ पडला.

मी फील्ड ऑफिसर होतो तेव्हा माझ्या पहिल्या मॅनेजरसाहेबांनी एक गोष्ट शिकवली होती. माळव्यात सोयाबीनच्या गोडाउनवर कर्ज दिलेलं असायचं आणि दर महिन्याला माल मोजायला जावं लागायचं. साहेब म्हणायचे, दारातून थप्पी मोजू नकोस, पहिल्या रांगेमागे हात घालून बघ. पुढे पोती आणि मागे पोकळ, असंही असतं. आणि उलटही असतं बरं का, दारात कचरा आणि आत पक्का माल. मी नोकरीत एकही स्टॉक रिपोर्ट गोडाउन न बघता सही केला नाही. या गोष्टीचा मला गर्व होता. निवृत्तीनंतर सिनेमांवर मात्र बिनदिक्कत सह्या ठोकत होतो. ट्रेलर म्हणजे पहिली रांगच की.

नटनट्यांचंही आपण तेच करतो. "ती? ती तर त्या मालिकेत रडते तीच ना." "तो? त्याने परवा मुलाखतीत काय म्हटलं ऐकलंत ना?" मुलाखत आवडली नाही तर मुलाखतीवर लिहा, पडद्यावर त्याने काय केलं ते त्यात कुठे आलं? 'नाच गं घुमा' बघायला गेलो तेव्हा मी नम्रता संभेराव म्हणजे हास्यजत्रेतली, असं धरूनच बसलो होतो. मुक्ता बर्वेसमोर ती कामवाली बाई जशी उभी राहते, ते बघून आमची सौ. घरी येऊन आमच्या कामवाल्या मावशींशी दोन दिवस फार गोड बोलत होती. माझं तिकीट तिथेच वसूल झालं.

आता काहीजण म्हणतील, साहेब, म्हणजे मराठी आहे म्हणून सगळं गोड मानून घ्यायचं का? मुळीच नाही. "मराठी आहे, म्हणून बघा" हे वाक्य मला आवडत नाही. त्यात दया आहे. अनुदानावर चालणारं खातं आणि धंद्यावर चालणारं खातं यात फरक असतो, आणि अनुदानवाल्याकडे कोणी आदराने बघत नाही. वाईट सिनेमा वाईटच म्हणा. पण तिकिटाचे दोनशे रुपये आणि अडीच तास घालवून म्हणा, कुठे कंटाळा आला ते सांगून म्हणा. त्या शिव्या मी आनंदाने वाचेन. बनवणाऱ्यालाही त्याचा उपयोग होईल. आपण बाहेरची मराठी माणसं, आमची मराठीही हिंदीच्या हवेतली, आम्ही "बघून राहिलो" म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे तोंड फिरवून हसतात. हसू देत. पण मत तरी पुण्याहून उसनं कशाला आणायचं? उज्जैनच्या बाईने श्यामची आई साकारली, ती काही पुण्याच्या मेसेजवरून नव्हे.

ताईंना फोन करायला मला आठ दिवस लागले. खरं सांगतो, नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. शेवटी लावला. म्हटलं, "ताई, तेव्हा मी सिनेमा न बघताच लिहिलं होतं. काल-परवा पाहिला. चुकलो."

त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊ. शुक्रवारी लागलेला सिनेमा तुम्ही दिवाळीच्या धामधुमीत कधी बघणार होतात?" आवाजात राग नव्हता. मग म्हणाल्या, "माणसांचं काही नाही हो. पण त्या १०७ मध्ये माझी चोवीस मुलं होती."

हे मला ठाऊकच नव्हतं. ताई रविवारी घरी मुलांना मराठी शिकवतात, फी नाही. घरात आजी-आजोबांशी तोडकंमोडकं मराठी, शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, अशी मुलं. तीन महिने त्यांनी 'श्यामची आई'तली एकेक गोष्ट वाचून दाखवली होती, आणि शेवटी मोठ्या पडद्यावर सिनेमा दाखवायचं कबूल केलं होतं. पालकांनी माझा मेसेज वाचला, "मुलं कंटाळतील" हे वाचलं, आणि नावं काढली. ताई म्हणाल्या, "आठवी-नववीतली होती. आता कोणी कोट्याला, कोणी बेंगळुरूला. आता ती 'श्यामची आई' बघायला येणार नाहीत, भाऊ. ते वय गेलं."

मी म्हटलं, मी पैसे भरतो, पुन्हा खेळ लावू. त्या म्हणाल्या, "थिएटरवाले आता कुठे लावणार? राहू द्या."

राहू देणं काही मला जमलं नाही. पुतण्याकडून प्रोजेक्टर आणला, पडद्याला आमचीच पांढरी चादर, सौ.ने इस्त्री करून दिली. मागच्या रविवारी ताईंच्या हॉलमध्ये सतरंजी टाकली. या वर्षीच्या वर्गात सातच मुलं. सगळ्यात लहान पहिलीतली, तिला आईने चिवड्याचा डबा देऊन पाठवलं होतं. सिनेमा सुरू झाला आणि एक मुलगा लगेच वळून म्हणाला, "आजोबा, कलर का नाही?"

मी म्हटलं, "आधी थोडा बघ. मग मला सांग."

मध्यंतरात त्याने काही सांगितलं नाही, चिवडा खात होता. सिनेमा संपला तेव्हा पाच जण जागे होते आणि दोन झोपलेले. पाचांपैकी एक मुलगी नाक पुसत होती आणि सर्दी झालीय म्हणत होती. तो कलरवाला म्हणाला, चांगला आहे, पण लांब आहे. झोपलेल्या दोघांना अजून विचारलेलं नाही, येत्या रविवारी विचारणार आहे. त्यांचंही मत लिहून घ्यायचंय.